जुनी मोटार आणि डिस्क ब्रेक

लखनौच्या उत्तर भागात, कुर्सी रस्त्याच्या बाजूला, विकास नगर नावाची वसाहत आहे. मुलूख गंगेच्या मैदानातला, त्यामुळे रस्ते सपाट. कोठे चढ म्हणून लागलाच, तर तो एखाद्या उड्डाणपुलाचा. अशा वसाहतीतील एखाद्या घराच्या फाटकाआड ताडपत्रीखाली झाकलेली प्रीमियर पद्मिनी उभी आहे, अशी कल्पना करावी. वडिलांनी घेतलेली गाडी मुलाने मोडीत न काढता जपली आहे. रविवारी सकाळी ती बाहेर निघते, दोन-चार किलोमीटर फिरून परत येते. आणि दर खेपेस मालकाच्या मनात तोच विचार येतो: पुढच्या रिक्षाने अचानक थांबायचे ठरवले, तर ही गाडी वेळेवर थांबेल का? शेजाऱ्याच्या नव्या मोटारीला पुढच्या चाकांवर डिस्क ब्रेक आहेत. तेच या गाडीला घरच्या घरी बसवता आले तर?

प्रश्न रास्त आहे. मात्र त्याचे उत्तर ज्या सहजतेने दिले जाते, तितके ते सोपे नाही. बाजारातून दोन डिस्क, दोन कॅलिपर आणि चार बोल्ट आणले की काम झाले, अशी समजूत करून घेतलेल्या गाड्या पूर्वीपेक्षाही धोकादायक होऊन रस्त्यावर येतात. ब्रेक म्हणजे चाकाजवळची वस्तू नव्हे. पायाखालच्या पेडलापासून टायर आणि रस्ता जेथे भेटतात तेथपर्यंतची ती एक साखळी आहे. त्यातील एक कडी बदलली की उरलेल्या सर्व कड्या नव्याने तपासाव्या लागतात.

पद्मिनीचा जन्म मुंबईतला. वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९४४ साली स्थापन झालेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यात, इटलीच्या फियाट कंपनीशी झालेल्या करारानुसार, १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट ही मोटार तयार होऊ लागली. मधल्या काळात प्रीमियर प्रेसिडेंट आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी या नावाने तीच मोटार घरोघरी पोचली. इंजिन १०८९ घन सेंटिमीटरचे, टायर १४ इंची चाकांवरचे अरुंद, आणि ब्रेक चारही चाकांना ड्रमचे. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे हेच रूप अनेक पिढ्यांच्या डोळ्यांसमोर राहिले. २००३ मध्ये नोंदलेली अशी शेवटची टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून निघाली. खाजगी मालकांनी जपलेल्या गाड्या मात्र अजून आहेत.

या गाडीच्या वंशातच या प्रश्नाचे एक मौजेचे उत्तर दडलेले आहे. खुद्द इटलीत फियाटने १९६६ साली ११०० मालिकेची अखेरची आवृत्ती ११०० आर या नावाने काढली, आणि तिच्या पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक दिले. म्हणजे इटलीतल्या बहिणीला जे १९६६ मध्ये मिळाले, ते कुर्ल्याच्या बहिणीला मिळाले नाही. परकीय चलनाची टंचाई, आयातीवरचे निर्बंध आणि मोटारीसाठी वर्षानुवर्षे वाट पाहणारे ग्राहक, अशा त्या काळात आराखडा बदलण्याची निकड उत्पादकाला फारशी वाटली नाही, यात नवल नाही. तेव्हा या गाडीला डिस्क ब्रेक बसवणे म्हणजे तिच्या स्वभावाशी काही विपरीत करणे, असे म्हणता येणार नाही.

ब्रेक नेमके काय करतो, हे आधी पाहू. धावत्या गाडीत गतीच्या रूपाने ऊर्जा साठलेली असते. ती नाहीशी करता येत नाही. ब्रेक घर्षणाने तिचे उष्णतेत रूपांतर करतो आणि ती उष्णता हवेत सोडतो. माणसांसह १२०० किलो वजनाची मोटार ताशी ७२ किलोमीटर वेगाने जात असेल, तर तिच्यातील ऊर्जा सुमारे २४० किलोज्यूल भरते. घरगुती भाषेत सांगायचे तर एवढ्या उष्णतेने पाऊण लिटरहून थोडे अधिक पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत तापेल. वेग दुप्पट झाला तर ही ऊर्जा चौपट होते. म्हणूनच ताशी ४० च्या वेगाला निर्धास्त वाटणारा ब्रेक ताशी ८० च्या वेगाला दगा देतो.

आता हीच गाडी खंडाळ्याहून बोरघाट उतरून खोपोलीस येत आहे असे समजू. उंचीतील फरक सुमारे ५०० मीटर. एवढ्या उतारावर गाडीचा वेग मुळीच वाढू द्यायचा नाही असे ठरवले, तर वाटेत सुमारे ५९ लाख ज्यूल ऊर्जेची विल्हेवाट लावावी लागते. वरच्याच हिशेबाने वीस लिटर, म्हणजे बादलीभर पाणी उकळावे इतकी ही उष्णता. शहाणा चालक खालच्या गिअरमध्ये राहून यातील मोठा वाटा इंजिनाकडे सोपवतो. जो पायाने ब्रेक दाबून ठेवतच उतरतो, त्याच्या ब्रेकमध्ये ती सारी उष्णता साठत जाते. घाटाच्या पायथ्याशी येणारा करपट वास पुण्या-मुंबईच्या जुन्या चालकांच्या चांगल्या परिचयाचा आहे.

ड्रम ब्रेकची अडचण येथेच आहे. चाकाबरोबर फिरणाऱ्या ओतीव लोखंडी डब्याच्या आत अर्धचंद्राकृती दोन शू असतात. त्यांच्यावर लाइनर बसवलेले असतात. पेडल दाबले की शू बाहेर फाकतात आणि ड्रमच्या आतल्या भिंतीवर घासतात. उष्णता आत कोंडते. ड्रम तापून प्रसरण पावतो, म्हणजे त्याचा व्यास वाढतो आणि त्याची भिंत शूपासून दूर जाते. पेडल अधिक खाली जाऊ लागते. लाइनरचे घर्षणही अति उष्णतेने घटते. पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून गाडी काढली तर पाणी ड्रममध्ये शिरून राहते आणि पहिले दोन-तीन ब्रेक जणू लागतच नाहीत.

डिस्क ब्रेक समजण्यासाठी सायकलकडे पाहावे. सायकलची रिम दोन रबरी गुटक्यांच्या चिमट्यात सापडते, तशीच मोटारीच्या चाकाबरोबर फिरणारी लोखंडी चकती दोन पॅडच्या चिमट्यात सापडते. या चिमट्याला कॅलिपर म्हणतात. चकती उघड्यावर असल्याने वारा लागून लवकर निवते, पाणी झटकून टाकते, आणि तापून जाड झाली तर पॅडपासून दूर न जाता त्यांच्याकडेच सरकते. कल्पना जुनी आहे. इंग्लंडमधील फ्रेडरिक लँचेस्टर याने १९०२ सालीच तिचे पेटंट घेतले होते, पण त्याचे तांब्याचे पॅड त्या काळच्या धुळीच्या रस्त्यांवर भराभर झिजत. कल्पनेचे चीज व्हायला अर्धे शतक लागले. १९५३ च्या ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत रोल्ट आणि हॅमिल्टन यांनी डिस्क ब्रेकच्या जॅग्वारवर विजय मिळवला. त्या शर्यतीत ताशी शंभर मैलांहून अधिक सरासरी वेग प्रथमच गाठला गेला. वेगाचा हा विक्रम थांबण्याच्या खात्रीवर उभा होता. वळणाच्या तोंडाशी अधिक उशिरा ब्रेक लावता येतो, म्हणून सरळ रस्त्यावर अधिक वेळ वेगात राहता येते.

एवढे वाचून डिस्कची बाजू निर्विवाद वाटेल. पण ड्रमकडे एक गुण आहे, जो डिस्ककडे मुळीच नाही. दाराखाली सारलेली पाचर दार ढकलले की अधिकच घट्ट बसते. ड्रममधला पुढचा शूही तसाच वागतो: एकदा घासू लागला की फिरणारा ड्रमच त्याला आणखी आत ओढतो. म्हणजे पायाच्या जोरात चाक आपलाही जोर मिळवते. डिस्कमध्ये असे काही होत नाही. पॅडला जेवढे दाबाल तेवढेच ते धरते. म्हणून ड्रमसाठी बेतलेले मूळ मास्टर सिलिंडर तसेच ठेवून नुसत्या डिस्क बसवल्या तर गाडी थांबवायला पूर्वीपेक्षा अधिक जोर लागतो. मालक चकित होतो. खर्च झाला, चाकामागे चकती दिसू लागली, आणि गाडी मात्र उशिरा थांबते!

यावरचा उपाय साधारणतः दुहेरी असतो. कॅलिपरचे पिस्टन मोठे असतात, त्यांना हलवायला ब्रेक ऑइलही अधिक लागते. म्हणून मास्टर सिलिंडर थोडे मोठे घ्यावे लागते. पण सिलिंडरचा व्यास वाढला की त्याच पायाच्या जोराने निर्माण होणारा दाब कमी होतो. ही तूट भरून काढण्यासाठी इंजिनाच्या निर्वाताचा उपयोग करणारा बूस्टर बसवतात. जुन्या गाडीच्या बॉनेटखाली त्याला जागा शोधणे, त्यासाठी पत्रा मजबूत करणे आणि पेडलाचा दांडा अचूक लांबीचा ठेवणे हे काम डिस्क बसवण्यापेक्षाही अवघड जाते. दांडा दोन-तीन मिलिमीटर जरी लांब राहिला, तरी सिलिंडरचे परतीचे छिद्र उघडत नाही. मग दाब सुटत नाही, आणि ब्रेक आपोआप लागून राहतात.

मास्टर सिलिंडर बदलायचेच असेल, तर ते दोन स्वतंत्र विभागांचे घ्यावे. साठच्या दशकातील आराखड्यांमध्ये बहुधा चारही चाकांसाठी एकच नळीमार्ग असे. एक रबरी नळी फुटली की सगळे ब्रेक एकदम जात. विभागलेल्या सिलिंडरमुळे पुढचे गेले तरी मागचे उरतात. खरे तर, डिस्कच्या झगमगाटात झाकली जाणारी ही सुधारणा तिच्यापेक्षा मोलाची आहे. एकच बदल परवडत असेल, तर हा करावा.

आणखी एक बारकी वस्तू आहे, आणि घरी काम करणारे बहुतेकजण तीच विसरतात. ड्रम ब्रेकच्या मास्टर सिलिंडरच्या तोंडाशी एक झडप असते. पाय काढल्यावरही ती नळीत थोडासा दाब राखून ठेवते, जेणेकरून व्हील सिलिंडरमधील रबरी कप सैल पडून हवा आत ओढू नयेत. शू मागे खेचायला ड्रममध्ये मजबूत स्प्रिंगा असल्याने हा दाब तेथे चालतो. कॅलिपरमध्ये तशी स्प्रिंग नसते. पिस्टनभोवतीचे चौकोनी छेदाचे रबरी कडे दाबाखाली किंचित वाकते आणि दाब सुटताच पूर्ववत होताना पिस्टनला केसभर मागे आणते. पॅड सोडवण्याची सारी व्यवस्था एवढीच. ड्रमची झडप या मार्गात तशीच राहिली तर पॅड चकतीला चिकटून घासत राहतात. चाके तापतात, पेट्रोल अधिक जळते, आणि दोष कोठे आहे ते कळत नाही.

मागच्या चाकांचा विचार याहून महत्त्वाचा. ब्रेक लावताच गाडीचे वजन पुढे झुकते. जोरात ब्रेक लागतो तेव्हा वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग पुढच्या चाकांवर येतो आणि मागची चाके हलकी होतात. पुढच्या डिस्कसाठी बूस्टरने नळीतील दाब वाढवला की तोच वाढीव दाब मागच्या ड्रमलाही मिळतो, आणि पाचरीच्या गुणामुळे ड्रम तो जोराने वापरतात. मग मागची चाके आधी अडकतात. पुढची चाके अडकली तर गाडी सरळ घसरत जाते; मागची अडकली तर ती गर्रकन फिरते. ओल्या रस्त्यावर हे क्षणार्धात घडते आणि चालकाला सावरायला वेळ मिळत नाही. म्हणून मागे जाणाऱ्या नळीत दाब मर्यादित करणारी झडप बसवणे हा चैनीचा भाग नसून कामाचा अविभाज्य भाग होय.

आता प्रत्यक्ष अंगणातले काम. गाडी जॅकवर किंवा विटांच्या रचनेवर ठेवून तिच्याखाली हात घालू नये; विटा भारासरशी एकाएकी फुटतात. लोखंडी स्टँड घ्यावेत आणि जमीन फरसबंदीची असावी. जुने ड्रम काढल्यावर आत साचलेली करडी धूळ फुंकण्याचा किंवा हवेच्या झोताने उडवण्याचा मोह टाळलाच पाहिजे. त्या काळच्या लाइनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असे, आणि त्याचे सूक्ष्म तंतू फुप्फुसात गेल्यावर कित्येक वर्षांनी घातक आजार उद्भवतात. धूळ पाण्याने ओली करून फडक्याने पुसावी आणि ते फडके पिशवीत बांधून टाकावे.

कॅलिपरला आधार देणारे ब्रॅकेट हा साऱ्या कामाचा कणा. दुसऱ्या गाडीचे कॅलिपर या गाडीच्या स्टब अ‍ॅक्सलवर बसवायचे, तर मध्ये जाड पोलादी पट्टीचे ब्रॅकेट लागतेच. ते लेथ आणि मिलिंगचे काम जाणणाऱ्या कारागिराकडून अचूक मापाने करून घ्यावे. गल्लीच्या टोकाला वेल्डिंगवाला आहे म्हणून ब्रॅकेट स्टब अ‍ॅक्सललाच जोडून टाकण्याचा विचार अजिबात करू नये. ते घडीव पोलाद विशिष्ट उष्णतोपचार केलेले असते. वेल्डिंगच्या आचेने त्याचे गुण बिघडतात, आणि तडा गेला तर चाकच निखळते. बोल्ट ८.८ किंवा वरच्या प्रतीचे, ज्यांना कारागीर ‘हायटेन’ म्हणतात ते, डोक्यावर शिक्का पाहूनच घ्यावेत. चकती कॅलिपरच्या बरोबर मध्यातून गेली पाहिजे. ती फिरताना डावीकडे-उजवीकडे किती डोलते हे डायल गेज लावून पाहावे. डोलणे मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून अधिक असेल तर पेडल पायाखाली थरथरू लागते. चाक बसवून ते कॅलिपरला घासत नाही ना, आणि स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवल्यावर रबरी नळी ताणत किंवा टायरला लागत नाही ना, हे गाडी स्टँडवर असतानाच तपासता येते. रस्त्यावर तपासण्याची ही गोष्ट नव्हे.

कॅलिपरला डावे-उजवे असते. हवा काढण्याचे निपल सर्वांत वर यायला हवे. अदलाबदल झाली तर ते खाली येते. मग कितीही वेळा हवा काढली तरी वरच्या कोपऱ्यातला बुडबुडा निघत नाही आणि पेडल स्पंजासारखे दबत राहते. या एका चुकीपायी अनेकांनी नवे मास्टर सिलिंडर विनाकारण बदलले आहे.

ज्याला गॅरेजमध्ये ब्रेक ऑइल म्हणतात, ते तेल नव्हेच. ते ग्लायकोल वर्गातील द्रव असते. नावाला फसून कोणी त्यात इंजिन ऑइलची भर घातली, किंवा रबरी भाग रॉकेलने धुतले, तर रबर फुगते आणि सारी यंत्रणा निकामी होते. हा द्रव हवेतील ओलावा शोषून घेतो. डॉट ३ प्रतीचा ताजा द्रव किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी मुरल्यावर ही मर्यादा १४० अंशांच्या आसपास येते. घाटात तापलेल्या कॅलिपरमध्ये तो उकळला तर नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल जमिनीला टेकते. त्यामुळे दोन वर्षांतून एकदा तो पूर्ण बदलणे हे डिस्क बसवण्याइतकेच मोलाचे, आणि कितीतरी स्वस्त काम आहे. रंगावर सांडला तर रंग जातो, हेही ध्यानात असावे.

काम संपल्यावर लगेच रस्ता धरू नये. इंजिन चालू ठेवून पेडल जोराने मिनिटभर दाबून धरावे; ते हळूहळू खाली जात असेल तर कोठेतरी गळती आहे. मग अंगणात पायी चालण्याच्या वेगाने, नंतर मोकळ्या रस्त्यावर पहाटे. नवे पॅड चकतीवर पूर्ण टेकेपर्यंत ताशी ५० वरून २० पर्यंत वेग उतरवण्याची क्रिया, मधे निवायला वेळ देत, दहा-पंधरा वेळा करावी लागते. पहिल्या दिवशीच ब्रेकची परीक्षा घेऊन निराश होणारे हे विसरतात. आणि शेवटी ज्याच्या जोरावर गाडी थांबते तो टायरच होय. घासून गुळगुळीत झालेल्या अरुंद टायरवर उत्तम डिस्कही केवळ चाक अडकवू शकते, गाडी थांबवू शकत नाही.

कायद्याची बाजूही आधीच पाहून ठेवावी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. २००० साली झालेल्या दुरुस्तीनंतर हा नियम अधिक कडक झाला आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. ब्रेकचा बदल त्यात बसतो किंवा कसे, हे हत्यार हाती घेण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीत लेखी विचारून घेणे श्रेयस्कर.

मग विकास नगरातील त्या मालकाने काय करावे? त्याची गाडी सपाट शहरात, ताशी चाळीसच्या आत, आठवड्यातून एकदा फिरते. तेथे ब्रेक तापण्याचा प्रश्नच क्वचित येतो. ड्रम लेथवर गोल करून, नवे लाइनर, नवी रबरी किट, नव्या नळ्या आणि ताजा द्रव घातला, शू नीट जुळवले, तर ती गाडी तिच्या वेगाला पुरेल इतकी खात्रीने थांबते. जो कुटुंबासह दर महिन्याला पुण्याहून कोकणात उतरतो, किंवा द्रुतगती मार्गाने जातो, त्याच्यासाठी हिशेब निराळा. त्याला डिस्कचा खरा लाभ आहे, पण पूर्ण संचासह: ब्रॅकेट, विभागलेले सिलिंडर, बूस्टर, झडप आणि नळ्या. यातील अर्धेच जमणार असेल, तर त्यानेही ड्रमच नीट करून घ्यावेत.

काढलेले ड्रम, शू आणि पाठीमागचे पत्रे भंगारात देऊ नयेत. पन्नास वर्षांहून जुन्या मोटारींसाठी २०२१ पासून ‘व्हीए’ अक्षरांच्या क्रमांकाची वेगळी नोंदणी सुरू झाली आहे, आणि तिच्यासाठी गाडी मूळ रूपात असावी अशी अट आहे. चॅसी, बॉडी किंवा इंजिन यांतील बदल ती नोंदणी रोखतो. ब्रेकचा उल्लेख त्या यादीत नसला, तरी तपासणाऱ्यापुढे मूळ भाग हजर करता आले तर बोलणे सोपे जाते. ग्रीस चोपडून, कागदात गुंडाळून, डावा आणि उजवा अशी चिठ्ठी लावून ते एका लाकडी पेटीत ठेवावेत, आणि पेटी गाडीजवळच असावी.